बटणांचे स्वेटर

माणसाला बोलतं करणं हे माझं काम होतं, आणि ते मला जमतं याचा मला माज होता. अभिमान हा शब्द जरा बरा दिसला असता, म्हणूनच तो वापरत नाही.

शेतीवरच्या संकटाची ती वर्षं होती. वऱ्हाडात जिकडेतिकडे शिबिरं, पत्रकं आणि तज्ज्ञ यांचा सुकाळ झाला होता. अकोल्यातल्या एका दवाखान्यात समुपदेशकाची जागा निघाली आणि ती मला मिळाली. त्याआधी मी तासिका तत्त्वावर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, म्हणजे पुस्तक वाचून दाखवत होते. प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली गेली: गप्प माणूस धोक्यात असतो, त्याला बोलतं करा. मी गावोगाव तेच करत फिरले. ओट्यावर बसायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, तुरीला शेंगा कशा धरल्या ते विचारायचं आणि मग हळूच आत शिरायचं. माझं माहेर दर्यापूरकडचं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. गावात मी मले-तुले बोलायची, दवाखान्यात मला-तुला. हा दुहेरी कारभार मला छान जमला होता. ज्या घरात आधीच्या दोन समुपदेशक बायांना पाणीसुद्धा मिळालं नाही, तिथली सून माझ्याजवळ तासभर रडायची. मी परतीच्या जीपमध्ये बसून सोबतच्यांना ते सांगायची. तेव्हाच कुणीतरी माझे कान धरायला हवे होते.

दिवाळी आटोपली की अकोल्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. मैदानावर बांबू ठोकायचे, वर ताडपत्री टाकायची आणि समोर रंगीत लोकरीच्या भिंती उभ्या करायच्या. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की सगळं गुंडाळून ते आपल्या वसाहतीकडे जातात, पूर्व विदर्भातल्या जंगलाकडे. आपल्याकडे त्यांना सरसकट नेपाळी म्हणतात. त्यांनीही दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं आहे.

त्यातला एक स्टॉल गावात ओळखीचा होता. तिथे गळ्यातून घालायचा एकही स्वेटर मिळत नसे. सगळे समोरून उघडे, बटणांचे नाहीतर चेनचे. दुसरं काही मागितलं तर दुकानातली पोरगी शेजारच्या स्टॉलकडे बोट दाखवायची. बाया एकमेकींना सांगायच्या, "बटणवाल्याकून आण वं, माल पक्का राह्यते त्याचा." माझ्या आईचा राखाडी स्वेटर मी तिथूनच घेतला होता. तो माणूस असेच स्वेटर का ठेवतो, हे कुणी विचारलं नाही. माणसांच्या मनात शिरण्याचा पगार घेणाऱ्या मलाही ते विचारावंसं वाटलं नाही.

त्याला माझ्याकडे त्याची मुलगीच घेऊन आली. विशीची असेल. वसाहतीजवळच्या मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलणं अगदी आपल्यासारखं. डोळे मिटून ऐकलं असतं तर मला ती माझ्या मामेबहिणींपैकीच एक वाटली असती.

"मॅडम, बाबा झोपतच नाही," ती म्हणाली. "लाइट गेली का उठून चालाले लागते. परवा संध्याकाळी गिऱ्हाइकं उभे होते अन् हे पार टेसनापर्यंत निंगून गेले. मी धावत जाऊन आणलं. काहून गेले विचारलं, तर म्हणते मालूम नाही."

भारनियमनाचे दिवस होते. लाइट रोजच जायची, त्यामुळे तो रोजच चालायला लागायचा. मोठ्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दर गुरुवारी सकाळी माझ्याकडे बसायला सांगितलं. बाजार दुपारी भरायचा, म्हणून सकाळची वेळ त्याला सोयीची होती.

पहिले तीन गुरुवार तो "ठीक है मॅडम" याच्यापलीकडे बोलला नाही. मी माझ्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. ओट्यावरच्या गप्पा, मधेच गप्प बसणं, वही उघडून तयारीत बसणं. बोलतं कसं करतात हे त्या माणसाला माझ्यापेक्षा फार जास्त माहीत होतं, हे मला कुठे ठाऊक! चौथ्या गुरुवारी मी पेन उचललं, तसा तो हिंदीत एवढंच म्हणाला, "लिखो मत." आवाजात राग नव्हता. पण कपाळावर घाम आला होता आणि खोलीत चांगलीच थंडी होती.

त्या दिवशी मात्र मी जरा शहाण्यासारखी वागले. हे प्रकरण आपल्या प्रशिक्षणातलं नाही, हे मला कळलं. नागपूरच्या एका मैत्रिणीने तिच्या ग्रंथालयातून एका हस्तपुस्तिकेची झेरॉक्स पाठवली. युद्धातून, तुरुंगातून, छळातून जिवंत सुटून परक्या देशात आलेल्या माणसांवर उपचार कसे करावेत, याची ती पुस्तिका होती. डिक्शनरी जवळ ठेवून मी ती दोनदा वाचली आणि मग माझ्या खोलीकडे पाहिलं. मी दाराला पाठ करून बसत होते. म्हणजे त्याच्या आणि दाराच्या मधे. डोक्यावर एकच बल्ब. समोर टेबल, टेबलावर वही. चौकशीची खोली याहून वेगळी काय असते? मी खुर्च्या बदलल्या, त्याला दाराजवळ बसवलं, दार उघडंच ठेवू लागले. आमच्या भागात अकराला लाइट जायची, म्हणून त्याची वेळ नऊची केली. आणि आज काय करणार आहोत, किती वेळ करणार आहोत आणि त्याला कधीही थांबता येईल, हे दर वेळी आधी सांगू लागले.

पुस्तिकेत एक रीत दिली होती. जमिनीवर दोर पसरायचा, तो म्हणजे आयुष्य. चांगल्या आठवणीला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. मी बाजारातून सुती दोर आणला, मोर्णेच्या पात्रातून गोटे आणि फुलवालीकडून शेवंती. मोठ्या माणसाला असं खेळायला लावायचं म्हणून मलाच लाज वाटत होती. तो मात्र सरळ मांडी घालून खाली बसला. मग लग्नाला एक फूल ठेवलं, मुलीच्या जन्माला दोन. आणि त्यानंतर सगळ्यांत मोठा गोटा दोन्ही हातांनी उचलून ठेवला.

त्या गोट्यापर्यंत आम्ही कितीतरी गुरुवारांनी पोहोचलो. तो सांगायचा, मी मधे थांबवायची. आत्ता आपण कुठे आहोत, भाऊ? अकोला. हातात काय आहे? फूल. बाहेर कसला आवाज येतोय? ऑटो. मग पुन्हा थोडं पुढे. एकदम आत गेलेला माणूस परत बाहेर यायला हवा, ही त्यातली खरी मेख होती. आणि हे मी चांगलं केलं. पुढे जे सांगायचं आहे त्यापायी एवढंही नाकारलं तर तेही खोटंच ठरेल.

त्याच्या गावात रात्रीतून भिंतींवर चीनविरोधी कागद चिकटवले गेले होते. ते कुणी चिकटवले एवढंच त्याला पकडून नेणाऱ्यांना हवं होतं. डोक्यावर गोणपाटाची पिशवी ओढून त्याला हातांनी टांगलं होतं. पिशवी वरून खाली ओढली जाताना कानांवरून कशी घासत यायची, ते तो सांगू लागला की त्याचे दोन्ही हात आपोआप कानांवर जायचे. तेव्हा कुठे मला ते बटणांचे स्वेटर कळले. त्या कोठडीत दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एक नाव सांगितलं. बायकोच्या भावाचं. तो भाऊ परत आला नाही. हा सुटला, बायकोला आणि लहानग्या पोरीला घेऊन बर्फातून चालत इकडे आला. बायको वसाहतीत वारली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. घरात त्या मामाचा फोटो आहे. त्याच्यापुढे रोज सकाळी मुलगी दिवा लावते. बाप मागे उभा राहून ते पाहतो.

"मॅडम, बेटी को मालूम नहीं होना," तो म्हणाला. एवढी एकच अट त्याने घातली. आता त्याला त्या मुलीशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हटलं, या खोलीबाहेर एक शब्द जाणार नाही. त्याने माझ्या कागदांकडे बोट केलं. आता लिहिलेलं त्याला चालत होतं, कारण लिहून झालं की मी ते त्याला वाचून दाखवत होते. मी कपाट उघडून दाखवलं, कुलूप दाखवलं, किल्ली माझ्या पर्समध्ये टाकून दाखवली. त्याने मान हलवली. दोन आठवड्यांनी तो येऊन म्हणाला, "कल नींद आया. छह बजे तक." मला इतका आनंद झाला की दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पाव किलो जिलबी एकटीने खाल्ली.

जानेवारीत अमरावतीला प्रशिक्षण होतं. दोन दिवसांचं. वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांतले समुपदेशक, शिक्षक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, असे साठेक जण. पुण्याहून एक नामांकित डॉक्टर आले होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याने एक केस मांडायची होती. मी गावातल्या एका विधवा बाईची केस तयार करून नेली होती, साधी आणि नीट. पण माझ्या आधी तिघींनी तशीच केस मांडली. तोच ओटा, तीच सून, तेच रडणं. तिसरीच्या वेळी पुण्याच्या डॉक्टरांनी हळूच घड्याळ पाहिलं. लोक मागे शेंगदाणे खात होते. आणि माझ्या पिशवीत तो कागदांचा गठ्ठा होता. तो मी कपाटातून का काढला होता? प्रवासात पुन्हा वाचून पाहू, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तो जवळ असावा असं मला वाटत होतं.

नियम मला तोंडपाठ होता. नाव, गाव, वय, धंदा, ओळख पटेल असं काहीही सांगायचं नाही. नाव मी घेतलंच नाही. अकोल्याचं 'एक जिल्ह्याचं ठिकाण' केलं. पन्नाशीचा माणूस साठीचा केला. तिबेट न म्हणता 'शेजारच्या देशातून' म्हटलं. कागदाच्या समासात पेन्सिलीने 'मेव्हणा – मित्र करणे' असंही लिहून घेतलं. मग उभी राहिले आणि स्वच्छ पुणेरी मराठीत बोलू लागले.

पाचव्या मिनिटाला शेंगदाणे थांबले. मी पिशवीचं सांगितलं आणि मग स्वेटरचं सांगितलं. हा माणूस उबदार कपडे विकतो, पण डोक्यावरून घालायचा एकही कपडा दुकानात ठेवत नाही. सभागृहात कुणाचा तरी श्वास मोठ्याने आत गेलेला मला ऐकू आला. तो तपशील गाळायचा आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो गाळला तर उरतं काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आणि त्या नावाच्या जागी आले तेव्हा समासातला 'मित्र' हा शब्द मी डोळ्यांनी वाचला आणि तोंडाने म्हणाले, "मेव्हण्याचं. स्वतःच्या बायकोच्या सख्ख्या भावाचं." पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. पुण्याचे डॉक्टर पुढे सरकून बसले होते.

मी बसले तेव्हा टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी चहाच्या वेळी येऊन सांगितलं की हे लिहून काढा, आणि तुमची मांडणी फार संयत आहे. संयत! परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत होते.

सभागृहात अकोल्याच्याच एक अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या. प्रेमळ बाई, कुणाच्याही लेकराला कडेवर घेणारी. दोन दिवसांनी त्या नातवासाठी टोपी घ्यायला मैदानावर गेल्या आणि बटणवाल्याच्या स्टॉलसमोर उभ्या राहिल्या. बाप जेवायला गेला होता. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "पोरी, तुया बापानं लय सोसलं वं. टांगून मारलं त्याले. मंग मेव्हण्याचं नाव सांगा लागलं, त्याच्यात त्याचा काय दोष? तू मनात काही आणू नको." त्यांनी हे मला नंतर स्वतःच सांगितलं. आपण चांगलं काम केलं असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडायला मला जागा कुठे होती?

पोरगी त्याच संध्याकाळी माझ्या खोलीत आली. बसली नाही.

"खरं हाय का?" तिने विचारलं.

आणि मी काय म्हणाले? हे लिहिताना आजही माझी मान वर होत नाही. मी म्हणाले, "हे बघ बाळ, रुग्णाने सांगितलेलं आम्हाला दुसऱ्याला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"त्या बाईले सांगता येते अन् मले नाही?"

मी काहीतरी बोलत राहिले. अमरावतीचं प्रशिक्षण, गोपनीयता, नाव घेतलं नव्हतं. माझ्या त्या पुणेरी मराठीत. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी आई मरेपर्यंत मामाची वाट पाहून राहिली होती, मॅडम. रोज. अन् बाबा तिच्याजवळच बसून राहात." आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटी वसाहतीकडे निघून गेली, स्टॉल बापावर टाकून. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी सांगितलं की रात्री ती बापाला अमरावतीचं काहीतरी विचारत होती, आणि सकाळी जाताना त्याच्याशी बोलली नाही.

त्याच्या केसपेपरवर मी पुढे लिहिलं, 'रुग्ण येणे बंद.' वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, हंगाम संपला, गावी गेला असेल. पुण्याच्या डॉक्टरांना लेख पाठवला नाही, पण का पाठवला नाही हेही कळवलं नाही. तब्येतीचं निमित्त सांगितलं. ती नोकरी मी आणखी चार वर्षं केली आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी गोपनीयतेचा नियम समजावून सांगत राहिले.

पण पेपर बंद करण्याआधी तो एकदा आला होता.

गुरुवार होता. नऊच्या ठोक्याला दारात उभा. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. मी दोर काढला नव्हता, काहीच मांडलं नव्हतं. तो आपल्या जागी, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. डोळे सुजलेले होते, दाढी वाढलेली. आता हा ओरडेल, असं वाटून मी टेबलाची कड धरून बसले. खरं सांगते, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण वाक्य तयारच होईना. मराठीत नाही, हिंदीतही नाही. शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि मला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

तो माझ्याकडे निरखून पाहत होता. चेहऱ्याकडे, मग मनगटांकडे. मला वाटलं, तो राग आवरतोय. मग तो पुढे वाकला आणि आवाज खाली आणून, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, काळजीने म्हणाला, "मॅडम, किसने मारा आपको?"

मला आधी कळलंच नाही.

"अमरावती में," तो म्हणाला. "आपने वादा किया था. ऐसे ही कोई नहीं बताता. मुझे मालूम है. कितने दिन रखा?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो. तो खरंच विचारत होता. तो मला माफ करायला आला होता, आणि त्याला त्यासाठी फक्त एक कारण हवं होतं.

"किसी ने नहीं मारा," मी म्हणाले.

तो आणखी थोडा वेळ बसून राहिला, मी पुढे काहीतरी सांगेन म्हणून.